नववं बूच

मंगळवार, १ मार्च २०२२. सकाळी धुकं, दहानंतर कडक ऊन. उद्या राखेचा बुधवार, उपवास सुरू, म्हणून आज पॅनकेक केले, सहा. चार ॲथॉलकडे नेले. त्याचा ट्रॅक्टर उघडा पडला आहे. ट्रॅक्टरचे आटे जपानी, नव्या सांध्याचे इंग्लिश, जुळत नाहीत. दुसरा सांधा मागवला, तीन आठवडे लागतील. कुंभारीण माश्या फार झाल्या आहेत. तेलाच्या नळ्यांची उघडी तोंडं नऊ. लेसच्या बरणीतली नऊ बुचं तासून बसवली, बरणीत राहिली बावीस. जाड नळीचं बूच जास्त तासलं गेलं, खोल गेलं. ॲथॉलला सांगणे. पाण्याची पन्हळी पत्र्याची टाकी ठोकून पाहिली. पाणी अकराव्या वळीपर्यंत.

लेस म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तो घरी आलं घालून बिअर आणि ब्लॅकबेरीची वाइन करायचा, त्यामुळे बुचं जमली. आता सगळ्या बाटल्यांना फिरकीची झाकणं येतात, नवीन बूच कुठून मिळत नाही, म्हणून आहेत तेवढी मोजून ठेवलेली आहेत.

ॲथॉल ट्रेविन कुंपणापलीकडचा शेजारी. ऑस्ट्रेलियातल्या साउथ गिप्सलँडच्या या टेकड्यांवर त्याची साठ एकर जमीन आहे. तिचा उतार असा की आमच्याकडे म्हणतात, ॲथॉलच्या बैलांचे एका बाजूचे पाय आखूड असतात, त्यांना वळायला लावलंत तर गडगडत ओढ्यात जातील. त्याचा जन्म १९४६चा. बाप दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढायचा. पंधराव्या वर्षी ॲथॉल गावातल्या लोण्याच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागला आणि कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, तिथेच राहिला. जमीन त्याने मधल्या काळात तुकड्या-तुकड्याने घेतली.

त्याच्या कामाची एक रीत होती आणि ती सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. कुठलीही नळी जोडण्याआधी तो तिच्या तोंडात डाव्या हाताची करंगळी घालायचा आणि म्हणायचा, "कोणी आहे का घरात?" मग करंगळी बाहेर काढून पाहायचा आणि नळी जोडायचा. पाण्याची नळी असो, दुधाची असो, माझ्या धुण्याच्या यंत्राची असो, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याने कधी नट फिरवला नाही. उजव्या हातात पाना असायचा, म्हणून करंगळी नेहमी डावी.

ही रीत त्याला एकोणिसाव्या वर्षी लागली. कारखान्यात दुधाची एक नळी रात्रभर उघडी राहणार होती. आमच्याकडे उन्हाळ्यात कुंभारीण माशी कुठलंही भोक सोडत नाही. कुलपात, केटलीच्या तोटीत, चर्चच्या ऑर्गनमध्येसुद्धा चिखलाचं घर करते. म्हणून ॲथॉलने नळीत चिंधी कोंबली. सकाळी चिंधी काढायची राहिली. नळी जोडली गेली, दूध तुंबलं, कुठेतरी सांधा सुटला, आणि त्या दिवशी सगळं दूध ओढ्यात सोडावं लागलं. पुलापर्यंत ओढा पांढरा झाला होता. मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या वर्षाला होते; नन्सनी आम्हांला रांगेने पुलावर नेऊन तो दाखवला आणि निष्काळजीपणावर दहा मिनिटं बोलल्या. निष्काळजी कोण ते आम्हांला माहीत नव्हतं. कारखान्याच्या मुकादमाने ॲथॉलला कामावरून काढलं नाही. एवढंच सांगितलं की यापुढे चिंधीला हात लावायचा नाही, आणि बोट घालून पाहिल्याशिवाय नळी जोडायची नाही. ॲथॉलने दोन्ही गोष्टी सत्तावन्न वर्षं पाळल्या. त्याची बायको डल्सी म्हणायची, वर गेल्यावर मी ह्याला तोंडावरून नाही, करंगळीवरून ओळखीन. डल्सी गेली २०१४ साली.

मागच्या वर्षी जुलैत, थंडीच्या ऐन दिवसांत, ॲथॉल उतारावर पडला. गुरांना टाकायला गवताचा गोल गठ्ठा ट्रॅक्टरच्या मागे धरून तो खाली निघाला होता. ट्रॅक्टरच्या पाठीशी वरच्या बाजूला एक फिरकीचा दांडा असतो, त्याला टॉप लिंक म्हणतात. तो आखडला की मागचं ओझं ट्रॅक्टरकडे कलतं, सैल केला की बाहेरच्या बाजूला. उतारावर तो आखडावा लागतो आणि सपाटीवर पुन्हा सैल करावा लागतो, आणि त्यासाठी दर वेळी खाली उतरून दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. ॲथॉल उतरला, दांड्याला हात घातला आणि तिथेच कोसळला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. मी कपडे वाळत घालत होते. ट्रॅक्टरचा आवाज एकाच जागेवरून आणि एकाच सुरात येत राहिला, म्हणून मी कुंपणापर्यंत गेले. तोवर तो दव गोठलेल्या गवतावर तासभर पडून होता.

सप्टेंबरमध्ये घरी आला. बोलणं ठीक होतं, पाय थोडा ओढत होता. डाव्या हाताची पकड निम्मी परत आली होती. डॉक्टरांनी बोटांना स्पर्श कळतो का म्हणून विचारलं, तेव्हा त्याने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तो सगळ्याच डॉक्टरांना असंच सांगत आलेला आहे.

त्याची एकुलती एक मुलगी जोसलिन मेलबर्नच्या अलीकडे, पॅकनमला राहते आणि दातांच्या दवाखान्यात काम करते. सोळा जानेवारीच्या रविवारी ती आली ती ठरवूनच आली होती. गावात म्हाताऱ्यांसाठी लहान घरांची वसाहत आहे, तिथे एक घर रिकामं होणार होतं. वसाहत पाहणाऱ्या बाईंशी तिचं बोलणं झालं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, तिने ते वडिलांना सांगितलं.

"बाबा, तू खाली उतरलास म्हणून पडलास."

"मग उतरणार नाही."

"आणि तो दांडा कोण फिरवणार? कांगारू?"

ॲथॉलने खिशातून कॅलेंडरचं एक पान काढलं. त्याच्या मागे त्याने पेन्सिलने आकृती काढली होती. फिरकीच्या दांड्याऐवजी तेलाने लांब-आखूड होणारा जॅक बसवायचा, म्हणजे तो सीटवर बसून लिव्हरने हलवता येईल. गठ्ठा डावी-उजवीकडे कलता करायला तसाच दुसरा एक. अडचण एवढीच की अशा जॅकला ट्रॅक्टरच्या मागे तेलाच्या तोंडांची जोडी लागते, एक तोंड तेल न्यायला, एक आणायला. त्याच्या लहान ट्रॅक्टरला अशी एकच जोडी होती आणि ती गठ्ठा पकडणाऱ्या चिमट्याला लागायची. म्हणजे आणखी दोन जोड्या बसवायच्या. ट्रॅक्टर विकणाऱ्याकडे त्याचा तयार संच मिळत होता, पण ॲथॉल स्वतः बसवणार होता.

जोसलिनने आकृती उलटसुलट फिरवून पाहिली. तिला ती कळली असेल असं वाटत नाही. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे. ईस्टरच्या आधी एक सकाळ मी येईन. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत आणि परत, पूर्ण फेरी, एकदाही खाली न उतरता करून दाखवायची. दाखवलीस तर पुढच्या ईस्टरपर्यंत मी घराचं नाव काढणार नाही. नाही दाखवलीस तर त्या बाईंना हो म्हणायचं.

"विन साक्षीदार," ॲथॉल म्हणाला. "विन, लिहून ठेव."

मी त्या रात्री लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत सामान आलं. दिवसातून दोनेक तास तो काम करायचा आणि मी विजेरी धरून उभी राहायचे. धरायला माणूस लागायचा, कारण डाव्या हाताने काही फार वेळ धरलं तर ते पडायचं. ट्रॅक्टरचं तेल कसं फिरतं ते मला तेव्हा कळलं. पंपातून ते आधी पुढच्या लोडरकडे जातं, तिथून मागच्या उचलणाऱ्या हातांकडे. या दोहोंच्या मधे नवा व्हॉल्व्ह बसवायचा. त्याला तीन जाड नळ्या: पहिली तेल आणणारी, दुसरी पुढे पाठवणारी, तिसरी वापरलेलं तेल टाकीत परत नेणारी. आणि जॅकच्या तोंडांकडे जाणाऱ्या चार बारीक नळ्या. मी विचारलं, ती तिसरी एवढी जाड कशाला, तिच्यात तर जोर नसतो.

"माझ्याकडे सगळ्या नळ्या सारख्याच मजबूत," तो म्हणाला. "आणि विन, बाहेर गेलेल्याला घरी यायला वाट नसेल ना, तर कोणी बाहेरच पडत नाही. तेलाचं तसंच आहे."

एक मार्चला आट्यांची अडचण निघाली आणि काम थांबलं. व्हॉल्व्हच्या सात नळ्यांची मोकळी टोकं आणि ट्रॅक्टरचे सोडवलेले दोन लोखंडी पाइप, अशी नऊ तोंडं उघडी. शेडच्या छपराला कुंभारणींची घरंच घरं. नळ्यांबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या एकदा काढल्यावर पुन्हा बसेनात. मी जुना टॉवेल फाडून आणते म्हटलं.

"चिंधी नको," तो म्हणाला. इतकंच म्हणाला.

म्हणून मी बुचं आणली आणि त्याच्या बाकावर बसून भाजीच्या सुरीने तासली. तो तोवर आत जाऊन पॅनकेक खात होता. बुचं मीच बसवली. तिसऱ्या जाड नळीचं बूच मी जास्त तासलं होतं. अंगठ्याने दाबलं तसं ते आत सरकलं आणि दिसेनासं झालं. नंतर काढताना सांगू, असं मी मनात म्हटलं आणि संध्याकाळी वहीत लिहिलं.

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता, मी चर्चमध्ये होते. गुरुवारी तो डोळे तपासायला गेला. मग अंजिरं पिकली आणि मी आठवडाभर त्यांच्यात होते. दुसरं काही कारण नाही.

सांधा बावीस मार्चला आला. बुधवार आणि गुरुवार ॲथॉलने एकट्याने काम केलं, कारण त्या दोन दिवशी मी गावात होते. आमच्या वर्गातली नोरीन गेली होती आणि अंत्यविधीनंतरच्या चहाचे सँडविच माझ्याकडे होते. गुरुवारी संध्याकाळी घरी आले तर दाराच्या खुंटीला कागदी पिशवी टांगलेली. आत बुचं, तेलकट. मी ती साबणाच्या पाण्यात धुतली, ओट्यावर वाळवली आणि बरणीत ओतली. त्या दिवशीच्या पानावर 'बुचं परत आली' एवढंच आहे. आकडा नाही.

शनिवारी, सव्वीस तारखेला, जोसलिन दहाच्या सुमारास आली. आकाश स्वच्छ होतं, गवत पिवळं. ती फाटकाच्या खांबाला टेकून कॉफीचा मग धरून उभी राहिली. मी तिच्या शेजारी. ॲथॉलने दाढी केली होती आणि चर्चला जाताना घालतो तो कोट घातला होता. तो ट्रॅक्टरवर चढला तेव्हा त्याला दोनदा पाय उचलावा लागला. जोसलिनने मगात पाहिलं.

इंजिन सुरू झालं. पुढचा लोडर वर झाला, खाली आला. तो ट्रॅक्टर मागे घेत गेला, चिमट्याने गठ्ठा धरला, उचलणाऱ्या हातांनी तो जमिनीवरून उचलला. हे सगळं जुनं होतं आणि सगळं चाललं. बावीस बैल गवताच्या वासाने कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. उताराच्या तोंडाशी ॲथॉल थांबला आणि त्याने नव्या लिव्हरपैकी पहिलीला हात घातला.

इंजिनचा आवाज दबला. कुठूनतरी कर्कश किंचाळी निघाली. टॉप लिंकच्या जागी बसवलेला जॅक जागचा हलला नाही.

त्याने लिव्हर सोडली, किंचाळी थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. उलट्या दिशेला ओढली. मग दुसरी लिव्हर. तीही तशीच. मग त्याने हळूहळू ट्रॅक्टर मागे सपाटीवर घेतला, गठ्ठा खाली टेकवला आणि इंजिन बंद केलं. तो सीटवरच बसून राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे चालत गेलो.

जोसलिनने घराचा विषय काढला नाही. त्याबद्दल तिला श्रेय दिलं पाहिजे.

"कुठेतरी उलटं जोडलंय मी," तो म्हणाला. "गुरुवारी तीनदा पाहिलं. तीनदा बरोबर होतं." मग म्हणाला, "तेव्हा मला बरोबर वाटलं, असं म्हणायला हवं."

"बाबा, चहा घेऊया आधी."

"सोमवारी त्या बाईंना फोन कर, जॉस."

तो बैलांकडे पाहत होता. फिटरचं काम येत नाही असं त्याला कोणी म्हटलं असतं तर तो भांडला असता. पण आता तो स्वतःच ते धरून बसला होता, की आकृती कागदावर बरोबर आणि आपल्या डोक्यात उलटी. जुलैनंतर त्याला सगळ्यात जास्त भीती हीच होती, हे मला माहीत होतं. एकदा सँडविच खाता खाता तो बोलून गेला होता की हात गेला तर चालेल, पण नळी कुठली कुठे जाते हे कळेनासं झालं तर दुसऱ्या दिवशी मला वसाहतीत नेऊन टाका.

मी म्हणाले, चहाबरोबरचे स्कोन ओव्हनमध्ये आहेत, आले, आणि घरी गेले. स्कोन ओव्हनमध्ये नव्हते. किंचाळी ऐकली तेव्हाच मला जाड नळी आठवली होती. वही काढली, एक मार्चचं पान पाहिलं. मग बरणी ओट्यावर उपडी केली आणि बुचं पाच-पाचच्या ओळीत मांडली. बावीस अधिक नऊ, एकतीस हवी होती. सहा ओळी पूर्ण भरल्या आणि सातवी सुरूच झाली नाही.

परत गेले तेव्हा दोघं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी बसून चहा पीत होते. मी वही घेऊन गेले नव्हते. सरळ सांगितलं, की परत जाणाऱ्या नळीत मी बूच फार खोल घातलं होतं, तुला सांगायचं होतं, सांगितलं नाही. आणि बरणीत एक कमी आहे.

ॲथॉलने मग खाली ठेवला. "तिसऱ्या नळीत?"

"तिसऱ्या."

तो उठला. पाना आणला, खाली पत्र्याचं घमेलं सरकवलं आणि टाकीकडच्या बाजूने नळी सोडवली. तेल ठिबकलं. पुढच्या लोखंडी कोपऱ्याच्या सांध्यात काहीतरी तपकिरी दिसत होतं. जोसलिनने विजेरी धरली. त्याने वाकवलेल्या तारेने ते टोचून टोचून काढलं. बूच होतं. तेलाच्या जोराने ते कोपऱ्यात जाऊन असं बसलं होतं, की निघताना त्याचे दोन तुकडे झाले.

"विन," तो म्हणाला, "नन्सनी तुला मोजायला शिकवलं. किती ढकलायचं ते शिकवायच्या आधीच पळून आलीस काय?"

मी म्हणाले, चूक माझी. जोसलिनचा चेहरा सैल झाला. तिला हसू आलं. ती म्हणाली, म्हणजे बाबाने काही उलटं जोडलंच नव्हतं. विन मावशी, तू ह्याला जवळजवळ वसाहतीत पोचवलं होतंस. तीही हसत होती आणि मीही. तिथे गोष्ट संपली असती तर कोणाला काही कळलं नसतं.

ॲथॉल हसला नाही. त्याने सोडवलेल्या नळीचं टोक घेतलं आणि त्यात डाव्या हाताची करंगळी घातली. तशीच थोडा वेळ ठेवली. मग काढून कापडाला पुसली आणि उजवी करंगळी घातली. पुन्हा डावी. कडेला आट्याचा धारदार काठ होता. डावी करंगळी बाहेर काढली तेव्हा तिला बारीक कापलं होतं आणि रक्ताचा थेंब आला होता. त्याने तो पाहिला. मी पाहिला आणि जोसलिननेही.

"गुरुवारी मी बोट घातलं होतं," तो जोसलिनला म्हणाला. "ह्याच नळीत. विचारलंही. बूच इथेच होतं, पहिल्या पेरापर्यंत. बोट त्याला लागलं असणार. मला कळलं नाही. हे बोट मेलंय. शेजारची दोनही."

"डॉक्टरांना तू म्हणालास की—"

"म्हणालो."

जोसलिनने विजेरी बंद केली. मला वाटलं, आता ती फोनचं बोलेल. आपल्या हाताने त्याने तिला तसं कारण दिलं होतं. माझी चूक पुढे होती, तिच्यामागे तो आरामात उभा राहू शकला असता.

"उजव्या बोटाला कळतं ना?" तिने विचारलं.

"कळतं."

"मग उजवं घाल."

"उजव्या हातात पाना असतो."

"मग पाना खाली ठेव, बाबा."

सत्तावन्न वर्षांत हे त्याला सुचलं नव्हतं, आणि सुचायचं कारणही नव्हतं. त्याने पाना चाकावर ठेवला. तिसऱ्या नळीत उजवी करंगळी घातली, मग लोखंडी सांध्यात घातली. ओठ हलले, आवाज आला नाही. मग पाना उचलून नट आवळला. आणि मग, जोसलिन समोर उभी असताना, त्याने बाकीच्या सगळ्या नळ्याही एकेक करून सोडवल्या, उजव्या बोटाने तपासल्या आणि पुन्हा जोडल्या. त्याला सव्वा तास लागला. बैल कंटाळून सावलीला गेले. मी घरी जाऊन खरोखर स्कोन केले.

तेल भरून त्याने पुन्हा इंजिन सुरू केलं तेव्हा बारा वाजून गेले होते. पहिली लिव्हर दाबली. जॅक आधी दोनदा अडखळला, कारण नळ्यांत हवा होती, मग बिनआवाजाचा आखडत गेला आणि गठ्ठा ट्रॅक्टरकडे कलला. दुसऱ्या लिव्हरने तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. उजवीकडे जरा सावकाश.

तो उतारावरून खाली गेला. जोसलिन कोटाच्या खिशात हात घालून शंभर पावलांवरून मागे चालत गेली. ओढ्याच्या सपाटीवर त्याने टॉप लिंक सैल केली, चिमटा उघडला, गठ्ठा सोडला. बैल पळत आले. परत येताना दोन फाटकं लागतात. ती जोसलिनने उघडली नाहीत. ती उघडीच होती, त्याने सकाळीच चालत जाऊन उघडून ठेवली होती. हे नियमात बसतं का यावर नंतर चहाला थोडी वादावादी झाली. साक्षीदार म्हणून मला विचारलं. करारात खाली उतरायचं नाही एवढंच लिहिलं होतं, चढण्याआधी काय करायचं ते नव्हतं, असं मी सांगितलं.

जोसलिन म्हणाली, पुढच्या ईस्टरपर्यंत. तिने एकच गोष्ट वाढवली: डॉक्टरांकडे ती स्वतः बरोबर येणार आणि तो बोटांबद्दल खरं सांगणार. ॲथॉलला हे टॉप लिंकपेक्षा जड गेलं. तो बराच वेळ स्कोनला लोणी लावत राहिला, मग म्हणाला, बरं. ती चार वाजता निघाली.

बुचाचे दोन तुकडे ॲथॉलने ठेवून घेतले. शेडमधल्या बाकावर पान्यांच्या ओळीच्या शेवटी ते अजून आहेत. आता तो पाना खाली ठेवतो, उजवं बोट घालतो, प्रश्न विचारतो, पाना उचलतो. एका नळीला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. लोकांना ते दिसतं, पण यंत्रं अजून त्याच्याकडेच येतात. माझ्या धुण्याच्या यंत्राची नळी त्याने मे महिन्यात बदलली, तेव्हा मला बाहेर जायला सांगितलं. बाहेरूनही मला प्रश्न ऐकू आला.

शनिवार, २६ मार्च. स्वच्छ, वारा उत्तरेचा. जोसलिन आली होती, चारला गेली. स्कोन बारा, चार उरले, डब्यात ठेवले. बरणीत बुचं तीस. टाकी ठोकून पाहिली. पाणी आठव्या वळीपर्यंत.